केलं की झालं?

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. घरात रिकामे डबे साठतात तसे ते साठतात, आणि आवरायला काढले की एकही टाकवत नाही. माझे बहुतेक डबे इंझोरीचे, म्हणजे माझ्या सासरच्या गावचे आहेत.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. गावात बायकांसाठी प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला आणि गावातली एकुलती एक मॅट्रिक सून म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. मी एकोणीस वर्षांची, समोरच्या पंधराजणी माझ्या आईच्या वयाच्या! अट एकच होती. सहा महिन्यांनी तालुक्याहून साहेब येणार. त्यांना काम पटलं तर वर्ग चालू, नाहीतर बंद.

*

पहिल्या दिवशी म्हटलं, अक्षरं नंतर, आधी प्रत्येकीने आज काय काय केलं ते सांगा. शांताबाई म्हणाली, काहीच नाही. मग काय सकाळपासून नुसत्या बसून होता? तर तसं नव्हतं. दळण झालं होतं, पाणी भरून झालं होतं, अकरा माणसांच्या भाकरी झाल्या होत्या, वांग्यांचं निंदणही झालं होतं.

"अन् हे सगळं केलं कोणी?"

"ते तं झालं, बाई."

पंधराजणींचं हेच. कोणी काही करतच नव्हतं, सगळं होत होतं. "मी केलं" म्हटलं की मिरवल्यासारखं वाटतं म्हणे. माझं डोकंच फिरलं. फळ्यावर मोठ्या अक्षरात 'झालं' लिहिलं, त्यावर फुली मारली आणि जाहीर केलं की आजपासून वर्गात हा शब्द बंद.

*

चार दिवसांनी पार्वताबाई वाटीभर साखर घेऊन आली. आनंद तोंडावर मावत नव्हता. बोलायला गेली आणि अडकली. फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मनाशी जुळवाजुळव केली आणि म्हणाली, "बाई, म्या माह्या सुनेले पोट्टं केलं."

त्या दिवशी पुढे काही शिकवता आलं नाही. मुलंबाळं तेवढी 'झाली' तरी चालतील, अशी सूट मात्र द्यावी लागली.

*

वच्छलाबाईच्या अंगात हा धडा भलताच मुरला. एका दुपारी तिचा नवरा वर्गाच्या दारात येऊन उभा. म्हणाला, जेवायला बसलं की प्रत्येक भाकरीमागे ही म्या केली, ही बी म्या केली, असं ऐकावं लागतं.

"तुमी काय शिकवून राह्यल्या, बाई? पह्यले आमच्या घरी सगळं आपोआप होत होतं. आता काईच होत नाई, सगळं हीच करते."

मी विचारलं, मग तुम्ही काय करता? विचार करून सांगतो म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी वच्छलाबाईने बातमी आणली की आज पाणी त्याने भरलं, आणि ते तिला तीनदा सांगितलं.

*

राहिली कौसल्याबाई. गावालगत तिचा भाजीचा मळा. तिची मेथी बाजारात हातोहात जायची, पण बाई वर्गात कोपरा धरून पाटीत डोकं घालायची. पाळी आली की "माह्यं काई नाई, बाई," एवढंच. सहा महिने हेच! ही एक आपल्याला जमलीच नाही, याचं मला फार वाईट वाटायचं.

ठरल्याप्रमाणे साहेब आले. त्यांनी रजिस्टर चाळलं आणि मला विचारलं, "सहा महिन्यांत काय केलं?"

आठ दिवस पाठ केलेलं उत्तर कुठल्या कुठे गेलं. तोंडून निघालं, "थोडंफार झालं, साहेब."

साहेबांनी रजिस्टर मिटलं. पंधराजणी माझ्याकडे बघत होत्या आणि मला लाजेने वर बघवत नव्हतं.

तेवढ्यात कौसल्याबाई उठली. माझ्या हातातला खडू घेतला, फळ्यावर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि त्याखाली एकेक करून बाकीच्या चौदाजणींची नावं लिहिली. एकही वेलांटी चुकली नाही. साहेब शेवटपर्यंत बघत राहिले. मग रजिस्टर पुन्हा उघडून, वर्ग चालू ठेवावा असा शेरा लिहिता लिहिता म्हणाले, "बरीच प्रगती झाली म्हणायची."

कौसल्याबाईने हाताचा खडू पदराला पुसला.

"झाली नाई, साहेब. म्या केली. अन् बाईनं करून घेतली."