माणसाला न विचारता पुढे जाऊ नये

पुण्याच्या धायरीत पाइपलाइन हा शब्द जपून उच्चारावा लागतो. आमची सोसायटी जिथे उभी आहे तिथे पूर्वी ज्यांचं शेत होतं, त्या काकू आजही आम्हाला दूध घालतात. एकदा त्यांनी विचारलं, हल्ली एवढ्या दमून का येता. मी म्हटलं, ऑफिसात पाइपलाइन टाकायचं काम चाललंय. त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"मंग आमच्या आळीला पाणी कधी येनार हाय?"

खडकवासला धरण हाकेच्या अंतरावर असून आमच्याकडे टँकर येतो, तेव्हा प्रश्न रास्तच होता. मी सांगितलं, ही पाइपलाइन खराडीच्या ऑफिसात आहे, कॉम्प्युटरमधली आहे, तिच्यातून पाणी येत नाही.

"मंग काय कामाची," असं म्हणून त्या पुढच्या दारी गेल्या.

मी टेस्टर आहे. आमची टीम एक वेबसाइट सांभाळते. तिच्यावरून पेशंट रक्ततपासणीची वेळ घेतो आणि नंतर रिपोर्टही तिथेच वाचतो. प्रोग्रामर मंडळी त्यात रोज काही नवं करायची, आणि ते लोकांपर्यंत जायच्या आधी मी सगळं हाताने तपासायची. चुकीचा मोबाईल नंबर टाक, जन्मतारीख उद्याची टाक, मधेच मागे जाऊन बघ. दुसऱ्याच्या कामात खोट काढायचा पगार घेणारी पुण्यात मीच असेन, बाकीचे ते काम फुकट करतात.

मग ऑटोमेशनची टूम निघाली. आमचा मॅनेजर माझ्याहून वयाने बराच लहान, मला ताई म्हणतो. "ताई, तुम्ही हाताने जे चेक करता ते सगळं पाइपलाइनमध्ये घालू. तुमच्यापेक्षा चांगलं कोण लिहिणार?" मी हुरळून गेले. पाइपलाइन म्हणजे साधं प्रकरण आहे. कुणी नवा कोड पाठवला की यंत्रणा आपली आपण वेबसाइट बांधते आणि एकामागून एक टेस्ट चालवते. एक जरी नापास झाली तरी लाल, सगळ्या पास झाल्या तर हिरवं. नवऱ्याला हे कौतुकाने सांगितलं, तर तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "म्हणजे तुझ्या जागेवर बसणाऱ्याची शिकवणी तूच घेतेयस." मी चिडले. चिडले, कारण हे मला आधी सुचायला हवं होतं.

पण कामात मजा येत होती हेही खरं. टेस्ट नापास झाली की तिचं कारण स्क्रीनवर दिसतं. ते कारण लिहायचं काम माझं, मग मी ते माझ्या भाषेत लिहिलं. 'जन्मतारीख उद्याची आहे. जन्म झाल्यावर यावे.' 'मोबाईल नंबर नऊ आकडी आहे. दहावा शोधून आणावा, आम्ही इथेच आहोत.' टीममधली पोरं हे वाचायला मिळावं म्हणून मुद्दाम चुका करायची. कॅन्टीनमध्ये एकमेकांना वाचून दाखवायची.

सगळं हिरवं झालं तरी शेवटी एक पायरी ठेवली होती, मंजुरीची. एका माणसाने वेबसाइट उघडून, नजर फिरवून बटण दाबायचं, तेव्हाच नवा बदल बाहेर पडणार. तो माणूस मी. एकदा कुणीतरी घाईत ती पायरीच उडवली होती, म्हणून तिच्या राखणीलाही मी एक टेस्ट बसवली. पायरी जागेवर नसेल तर सगळं लाल. मेसेज असा: 'मंजुरी देणारं माणूस जागेवर नाही. माणसाला न विचारता पुढे जाऊ नये. घाई असल्यास काल यायचं होतं.'

त्या पायरीचा उपयोग वेबसाइट मराठीत आणली तेव्हा झाला. भाषांतर यंत्राने केलेलं. टेस्ट सगळ्या हिरव्या. मी नेहमीसारखा नमुन्याचा रिपोर्ट उघडला. डेंग्यूची तपासणी, आणि पुढे लिहिलेलं, 'निकाल: सकारात्मक'. माझा हात बटणावरून मागे आला. पॉझिटिव्ह म्हणजे डेंग्यू आहे, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. पण 'सकारात्मक' वाचून तापाने फणफणलेल्या पोराची आई देवापुढे साखर ठेवेल आणि डॉक्टरकडे जायचं लांबणीवर टाकेल. यंत्राला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. शब्द मराठी होता, जागा रिकामी नव्हती, बस.

मी ते थांबवलं. मॅनेजर मनापासून खूश झाला. "ग्रेट कॅच, ताई. आता याचीही टेस्ट लिहून टाका."

लिहिली. 'सकारात्मक विचार असतात. रिपोर्ट पॉझिटिव्ह असतो.' पोरं पुन्हा हसली. मला मात्र त्या दिवशी हसू आलं नाही. मी जी चूक पकडत होते ती लगेच यंत्राला शिकवत होते, आणि त्या चुकीपुरती माझी गरज संपत होती. जितकं चोख काम करीन तितकी मी नकोशी होणार. मला भीती वाटली, सरळ सांगते. चाळिशी उलटलेल्या टेस्टरला आमच्याकडे बेंचवर बसवतात. बेंच म्हणजे पगार चालू आणि काम नाही, आणि तिथून उठून पुन्हा कामावर आलेलं माझ्या वयाचं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

गेल्या महिन्यात मॅनेजरने मला काचेच्या खोलीत बोलावलं.

"ताई, ते मॅन्युअल अप्रूव्हल आता काढतोय. तुम्ही रजेवर असलात की रिलीज अडकतं. आणि खरं सांगू का, बरेच महिने तुम्ही काही थांबवलेलंच नाहीये."

"थांबवण्यासारखं माझ्यापर्यंत येतच नाही. ते आधीच लाल होतं," मी म्हटलं.

"एक्झॅक्टली," तो म्हणाला, आणि मग टेबलाकडे बघत बसला. तो वाईट माणूस नाही.

"मग माझं काय?"

"बघू ना काहीतरी. सध्या बेंच." मग लॅपटॉप मिटता मिटता म्हणाला, "पाइपलाइन तुम्हालाच सगळ्यात जास्त माहितीये. तर तो चेंज तुम्हीच केलात तर बरं पडेल."

जागेवर येऊन मी मंजुरीची पायरी काढली आणि बदल पाठवला. पाइपलाइन चालली आणि लाल झाली. स्क्रीनवर मला माझंच वाक्य दिसलं: मंजुरी देणारं माणूस जागेवर नाही. माणसाला न विचारता पुढे जाऊ नये. शेजारच्या पोराने ते पाहिलं, हसायला तोंड उघडलं आणि मिटलं. मॅनेजरचा मेसेज आला, "ताई, ती टेस्टपण काढावी लागेल." मी तीही काढली. आता सगळं हिरवं.

पण हा बदल बाहेर पडेपर्यंत नियम जुनाच, त्यामुळे तेवढ्यापुरती ती पायरी अजून जिवंत होती. तो बाहेर जायलाही माझीच मंजुरी हवी होती. बटण समोर येऊन थांबलं.

मी वेबसाइट उघडली आणि तपासायला बसले, जशी पहिल्या दिवसापासून बसत आले तशी. उद्याची जन्मतारीख टाकली. नऊ आकडी नंबर टाकला. मधेच मागे गेले. मराठी रिपोर्ट शब्दन् शब्द वाचला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला चूक हवी होती. एक सापडली असती तरी नाही म्हणता आलं असतं.

एकही सापडली नाही. सगळ्या मीच बुजवून ठेवल्या होत्या. मी बटण दाबलं.