वानखडेबाईंचं गणित

वानखडेबाईंना साधा प्रश्न विचारायची सोय नव्हती. "बडनेऱ्याची गाडी वेळेवर असते का हो?" एवढं जरी कोणी विचारलं, तरी त्या चष्मा वर सरकवून म्हणायच्या, "आजची म्हनता, का रोजची?" रोजची म्हटलं, तर "उन्हाळ्यातली का पावसाळ्यातली?" तोवर विचारणारा दुसऱ्या कोणाकडे वळलेला असे. बाईंना त्याचं काही वाटत नसे. अर्धवट प्रश्नाला पुरं उत्तर देणं हा त्यांच्या मते खोटेपणाच होता.

अमरावतीच्या एका कॉलेजात त्या संख्याशास्त्र शिकवायच्या. मी अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचा मॅनेजर होतो. ठिबक सिंचनाच्या नळ्यांना लागणारे प्लास्टिकचे जोड आम्ही बनवायचो. जोड वाकडे निघायचे आणि शेतात गळायचे. प्रत्येक पाळीचा माणूस आपल्या अकलेने मशीनची बटणं फिरवायचा. मालकांनी कुठल्याशा सभेत बाईंचं भाषण ऐकलं आणि त्यांना आमच्या डोक्यावर आणून बसवलं.

पहिल्या दिवशी त्या बराच वेळ नुसत्या उभ्या राहून बघत होत्या. मग म्हणाल्या, "गावंडे साहेब, तुमी मशीन चालवून नाई राहिले. मशीनची समजूत घालून राहिले." सगळ्या पाळीसमोर! मला राग आला. पुढे तर तो रोजच येत राहिला.

त्यांची रीत अशी. आधी संगणकावर आमच्या साच्याची नक्कल बनवायची, त्यात वितळलेलं प्लास्टिक कसं पसरतं ते रंगांत पाहायचं, आणि त्यावरून निवडक चाचण्या खऱ्या मशीनवर घ्यायच्या. इथवर ठीक. पण त्या चाचण्यांचा क्रम बाई चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या. एक चाचणी जास्त तापमानाची, पुढची कमी, लगेच परत जास्त. तापलेली मशीन निवायला केवढा वेळ लागतो! माणसं हात बांधून उभी, माल वाया.

"मॅडम, कमी तापमानाच्या सगळ्या आधी उरकू, मग जास्तीच्या. काय फरक पडतो?"

"तेच तर मले माहीत नाई! माहीत असतं तर चिठ्ठ्या काहून टाकल्या असत्या?"

"अहो, पण संगणकाने सगळं सांगितलंय ना?"

"संगणकाले प्लास्टिक समजते. अकोल्याचं ऊन नाई समजत. दिवसभरात इथं काय काय बदलते, तुमाले तरी ठाऊक आहे का? चिठ्ठ्या टाकल्या, की त्याचा भार एकाच बाजूले पडत नाई."

अशा बाईशी वाद कोण घालणार? भर उन्हाळ्यात त्या परीक्षेच्या कामासाठी अमरावतीला गेल्या. जाताना चिठ्ठ्यांचा क्रम भिंतीवर चिकटवून गेल्या. मी माझ्या रीतीने काम उरकलं. सकाळी कमी तापमान, दुपारी जास्त. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. आकडे तेवढे त्यांच्या क्रमाने भरून ठेवले.

दुपारचे जोड वाकडे निघाले होते. साहजिकच, बाईंनी परत आल्यावर मांडलेला हिशेब म्हणाला, तापमान कमी ठेवा. पण संगणकावरची नक्कल उलट सांगत होती, की इतक्या कमी तापमानात साच्यात दोन बाजूंनी येणारे प्लास्टिकचे प्रवाह नीट एकजीव होणार नाहीत, जोड कच्चा राहील. बाई माझ्या खोलीत आल्या. चेहरा ओढलेला.

"साहेब, क्रम चिठ्ठीचाच होता नं?"

"चिठ्ठीचाच. तसाच्या तसा."

"मंग संगणकच चुकला. मशीन शेवटी साक्षीदार आहे. साक्षीदाराचं ऐकावं लागते."

तापमान कमी केलं, आणि हिवाळ्यात जोड तडकायला लागले. भातकुलीकडून पोत्यांनी माल परत आला. मालकांनी सगळ्यांना बोलावलं. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात बाईच उठल्या. "हिशेब माहा होता. चूक माही." मालक म्हणाले, "मॅडम, तुमचे आकडे तुमच्या कॉलेजातच ठेवा." त्यांच्या विद्यार्थिनी आमच्याकडे शिकायला येणार होत्या. त्याच बोलीवर बाई एक पैसा न घेता राबल्या होत्या. ते फाटक मालकांनी तिथल्या तिथे बंद केलं.

खरं कारण मला तोवर कळलं होतं. उन्हाळ्यात दुपारी साच्याभोवती फिरणारं पाणीच तापायचं, म्हणून जोड वाकायचे. मशीनच्या तापमानाचा त्यात काही दोष नव्हता. पाणी थंड करणारं यंत्र बसवा, असं मी मालकांना सुचवलं, जुनं तापमान परत लावलं, आणि मी शहाणा ठरलो. माल बिघडला, की वसाहतीत म्हणायचे, "वानखडेबाईचं गणित लावलं का?" मीही हसायचो.

मध्यंतरी एका लग्नाच्या पंगतीत हीच थट्टा ऐकली. करणारा पोरगा इतका तरुण, की त्याने बाईंना पाहिलेलंही नसेल. जेवण गेलं नाही. मी अमरावतीला, राजापेठेत, बाईंच्या घरी गेलो. खाली ट्यूशन क्लास, दारात स्कूटींची गर्दी. बाई आता थकल्या आहेत, कानाने कमी ऐकतात, त्यामुळे मला ते सगळं ओरडून सांगावं लागलं.

"म्हंजे संगणक बरोबर होता?"

"हो."

"आन् तुमी मले तवाच काहून नाई सांगितलं?"

मी माफी मागू लागलो. त्यांनी हात झटकला. "माफी घेऊन काय करू मी? साहेब, रिटायर होईस्तोवर दरवर्षी वर्गात हेच उदाहरण दिलं म्या. नक्कल कशी फसवते, ते बघा म्हनून. किती पोरी ते खरं मानून बसल्या!" त्यांचा आवाज फाटला. इतक्या वर्षांत मी बाईंना कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. वैताग काय तो माझाच असायचा.

त्यांनी मोबाइल घेतला, डोळ्यांजवळ धरून नंबर शोधला. "हं, मोनाली, मी वानखडे मॅडम. ते जोडाचं उदाहरण शिकवलं होतं नं, ते चूक आहे. कसं चूक, ते हे साहेब सांगतात." आणि फोन माझ्या हातात दिला.

पलीकडे त्यांची ती जुनी विद्यार्थिनी "हॅलो, कोण बोलतंय?" म्हणत होती. मी नाव सांगितलं, काय केलं ते सांगितलं. मग फोन ठेवला. सुटलो, असं वाटलं.

बाई म्हणाल्या, "द्या इकडं. अजून लई जनी आहेत," आणि पुढचा नंबर शोधू लागल्या.