नव्वद दिवस आणि वर चोवीस

जळगावच्या जिल्हा न्यायालयात आबांचं अपील फेटाळलं गेलं त्या दिवशी माझ्या वडिलांनी कोर्टाच्या दारातूनच मला धुळ्याला फोन केला. "जिंकलो! संपलं एकदाचं!" मागून आमच्या वकीलबाईंचा आवाज ऐकू आला, "नाना, पेढे खा, पण वाटू नका. अजून संपलेलं नाही."

आबा म्हणजे पाचोऱ्यातले आमचे शेजारी. एसटीतून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगा सुरतेला. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये चार फुटांचा एक बोळ आहे. मागच्या रस्त्याला निघायची आमची ती वाट. नऊ वर्षांपूर्वी वडिलांनी स्कूटर मागे घेताना आबांचं लिंबाचं रोप चिरडलं आणि वर म्हणाले, "बोळात कोणी झाड लावतं का?" दुसऱ्या दिवशी बोळाला लोखंडी दार आणि दाराला कुलूप लागलं. वडील कोर्टात गेले. पाचोऱ्याच्या कोर्टाने वाट आमची ठरवली, आबा अपिलात जळगावला गेले, आणि आता तिथेही हरले.

वकीलबाईंनी सगळ्यांना बसवून नीट समजावलं. आबांना हायकोर्टात दुसरं अपील करायला नव्वद दिवसांची मुदत. त्या मुदतीत ते गेले नाहीत, तर निकाल पक्का. तोवर जिंकूनही वाट बघायची.

"मग न्यायाधीशांनी ठरवलं तरी काय?" वडील चिडून म्हणाले.

"त्यांनी ठरवलं. आता आबांनी ठरवायचंय."

पुढची कल्पना माझी. मला वाटलं, आबा काही हिशेबाने भांडत नाहीत, रागाने भांडतात. नव्वद दिवस त्यांना राग येऊच दिला नाही तर? मी आई-वडिलांना सांगितलं की तीन महिने या घरातून आबांना फक्त गोड दिसलं पाहिजे. आईने सकाळी भांडी आपटायची नाहीत. वडिलांनी समोर दिसले की रामराम घालायचा. आणि शनिवारी मी धुळ्याहून आले की एक ताट आबांकडे.

पहिल्या शनिवारी मी भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन गेले. आबांनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दारातच एक घास खाऊन बघितला.

"मीठ कमी शे," म्हणाले आणि ताट आत घेऊन गेले.

पुढच्या शनिवारी आईने मीठ वाढवलं. त्याच्या पुढच्या शनिवारी आबांनी शेवभाजीची फर्माईश केली. महिन्याभरात तर माणूस चांगलाच सोकावला. बँकेत हयातीचा दाखला द्यायला वडिलांनी त्यांना स्कूटरवरून नेलं, तीच स्कूटर. चष्मा दुरुस्तीला नेलं. एकदा तर आबांनी खिडकीतून हाक मारून वडिलांना पंख्यावरची धूळ पुसायला बोलावलं, कारण त्यांना स्टुलावर चढलं की गरगरतं. वडील स्टुलावर, आबा खाली स्टूल धरून. आईने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा तिला हसू आवरेना.

"सुखाने अपील करू दे त्याला," वडील संध्याकाळी म्हणायचे. सकाळी मात्र कॅलेंडरवर फुली मारून बाहेर पडायचे आणि म्हणायचे, "रामराम आबा."

नव्वदावी फुली पडली. एक्क्याण्णवाव्या दिवशी सुट्टी होती, म्हणून मी घरीच होते. वडिलांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आबांच्या ओट्यासमोर उभे राहिले आणि रामराम न घालता म्हणाले, "कुलूप उघडा. मुदत संपली."

आबा चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला, आत गेले आणि एक कागद घेऊन आले. "नाना, मी निकालाची नक्कल मागितली व्हती. ती द्यायला कोर्टाने चोवीस दिन लावले. ते दिन मुदतीत धरत नहीत. अजून चोवीस दिन बाकी शेतस."

वडिलांनी तिथूनच वकीलबाईंना फोन लावला. त्यांना आधी हसूच आलं. "बरोबर आहे त्यांचं. आणि नाना, त्यानंतरही उशिराचं सबळ कारण दाखवलं तर कोर्ट उशीर माफ करू शकतं."

वडील आबांच्याच ओट्यावर बसले. आबांनी त्यांना चहा दिला.

दुपारी मी एकटीच आबांकडे गेले. सरळ विचारलं, "आबा, तुम्ही हायकोर्टात जाणार आहात का?"

"कशाला जाऊ? माझ्या वकिलाला निकालाच्याच दिवशी नहीं म्हणून सांगितलं."

"मग नक्कल कशाला काढली?"

आबांनी दाराकडे एकदा बघून घेतलं. "तुना बाप पहिल्या दिवशी रामराम घालत आला, तेव्हाच मी वळखलं काहीतरी शे. मग वकिलाला विचारलं, ही मुदत वाढते कशी." मग म्हणाले, "घरात दिवसभर कोणी बोलायला नसतं, पोरी. तुना बाप येतो, चिडलेला असतो, पण बसतो. सांगणार का त्याला?"

मी घरी आले. वडील कॅलेंडरच्या पुढच्या पानावर चोवीस दिवस मोजत होते. मला सांगून टाकता आलं असतं. पण गेल्या तीन महिन्यांत आमच्या घरात एकदाही आरडाओरडा झाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला मजाही येत होती. मीही त्यांच्याबरोबर दिवस मोजू लागले.

चोवीस दिवसांनी आबांनी स्वतःच कुलूप काढलं. आता कोर्टात जमा केलेलं आमचं मूळ खरेदीखत परत आणायचं होतं. अपिलाची मुदत संपेपर्यंत ते मिळत नव्हतं. वडील निघाले तर आबा म्हणाले, मीही येतो. दोघं एसटीत शेजारी बसून जळगावच्या कोर्टात गेले.

कारकुनाने विचारलं, "पुढे अपील वगैरे नाही ना?"

"नहीं," आबा म्हणाले.

"आपण कोण?"

"मी हरलेला."

कारकुनाने मान वर करून दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि कागद पुढे सरकवला.

परतीच्या बसमध्ये आबांनी वडिलांना सगळं सांगून टाकलं. नक्कल का काढली ते, आणि मला चोवीस दिवस आधीपासून माहीत होतं तेही. रात्री वडिलांचा फोन आला.

"तू माझी मुलगी की त्याची वकील?"

मागे आई हसत होती. तिच्यामागे आणखी एक जण हसत होता.