आयाकोच्या गाण्यातला दुसरा आवाज

आधीच सांगते, माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही ‘आहे’ असं म्हणायला जीभ रेटत नाही. आमच्या नागपूरच्या घरात नजर, उतारा, बाधा यातलं काही कधी चाललं नाही. पुढे मी शिकले तेही असं शास्त्र, की ज्यात आवाजाला गूढ म्हणून काही जागाच उरत नाही. फुप्फुसातून हवा वर येते, स्वरतंतू थरथरतात, तोंड त्या थरथरीला आकार देतं — झाला आवाज. स्वरतंतू नाहीत तर आवाज नाही. इतकं साधं आहे ते. आणि म्हणूनच हा अनुभव लिहायला मला इतकी वर्षं लागली…

१९८६ साल. मी शिकागोला स्पीच थेरपीत मास्टर्स करत होते. डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत शैलाकाकूंचं लाल विटांचं घर होतं, त्यात वरच्या मजल्यावरची एक खोली माझ्याकडे होती. काकू मूळच्या पुण्याच्या, काका गेल्यापासून एकट्या. बेसमेंट त्यांनी दोन जपानी मुलींना भाड्याने दिलं होतं. “गाणाऱ्या आहेत, पण सोज्वळ आहेत हो,” असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं — जणू या दोन गोष्टी एकत्र असणं म्हणजे नशीबच.

आयाको आणि मित्सुए. (नावं बदलली आहेत. त्यांच्या जोडीचं नाव तर मुद्दामच देत नाही.) दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. आयाको गिटार वाजवायची, गाणी लिहायची. मित्सुए कीबोर्डवर. जपानमध्ये त्यांचं एक गाणं खूप चाललं होतं — समुद्रकाठच्या स्टेशनवर विसरलेल्या छत्रीबद्दलचं. टीव्हीवर गेल्या, जत्रांतून गायल्या, पोरीबाळी त्यांच्यासारखे केस कापायला लागल्या. मग पुढचे दोन रेकॉर्ड पडले आणि कंपनीने त्यांना सोडून दिलं. तिशीच्या आत ‘जुन्या’ झालेल्या या दोघी हट्टाने अमेरिकेत आल्या, इंग्रजीत गायला. डेनिस नावाचा एक मॅनेजर त्यांना मिळाला होता. तो व्हॅनमध्ये घालून त्यांना विस्कॉन्सिन, आयोवा, इंडियाना असा फिरवायचा. कुठे कॉलेजात, कुठे बारमध्ये, कुठे मोठ्या बँडच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं. हळूहळू रेडिओवर त्यांचं गाणं लागायला लागलं होतं. अगदी थोडं… पण लागायला लागलं होतं.

बेसमेंटमधला त्यांचा सराव माझ्या खोलीपर्यंत यायचा. आयाकोचा आवाज खालचा, खरबरीत. मित्सुएचा वरचा, पातळ, सरळ — कापडातून सुई जावी तसा. पहिली ओळ आयाको एकटी गायची आणि दुसऱ्या ओळीला मित्सुए वरून येऊन मिळायची. मिळण्याआधी ती एक बारीकसा श्वास घ्यायची, तो माइकमध्ये स्पष्ट ऐकू यायचा. डेनिसला तो आवडायचा नाही. आयाको म्हणायची, तो श्वास काढला तर गाणंच जाईल.

त्या वसंतात मित्सुएचा आवाज बसला. थंडी, धावपळ, असं सगळेच म्हणत होते. पण मला तो घोगरेपणा बरा वाटेना. मी तिला मी जिथे ट्रेनिंग करत होते त्या हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि आतला एक तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर. सिगारेट न ओढणाऱ्या, तिशीही न गाठलेल्या मुलीला. डॉक्टरांनाही खरं वाटत नव्हतं, त्यांनी दोनदा तपासण्या केल्या.

ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र पूर्ण काढावं लागलं.

वाचकांना हे नीट समजायला हवं म्हणून सांगते. स्वरयंत्र काढलं की श्वासनलिका गळ्याच्या खालच्या बाजूला, बाहेर आणून कातडीला जोडतात. तिथे एक भोक राहतं. त्यानंतर माणूस त्या भोकातून श्वास घेतो. नाकातोंडाचा आणि फुप्फुसाचा काही संबंधच उरत नाही. गाणं सोडा, फुंकर मारून मेणबत्तीसुद्धा विझवता येत नाही. मित्सुएला मी रोज हे समजावत होते. ती ओठ हलवून बोलायची आणि लहान मुलांच्या मॅजिक स्लेटवर लिहायची. गळ्याला लावून बोलायचं बॅटरीचं यंत्र मी तिला आणून दिलं होतं. त्याचा तो मिक्सरसारखा गुरगुरणारा आवाज तिने एकदाच ऐकला आणि यंत्र उशीखाली घातलं.

उन्हाळ्यातले कार्यक्रम ठरलेले होते. मित्सुएनेच आयाकोला स्लेटवर लिहून दिलं — ‘जा.’ आयाको एकटी गेली.

पहिल्या कार्यक्रमाहून ती परत आली ती सरळ माझ्या खोलीत. तिला ‘व’ आणि ‘ल’ म्हणता येत नसत, त्यामुळे वैशालीची ती ‘बैशारी’ करायची.

“बैशारी, मी एकटी गायले नाही.”

“म्हणजे? बॅकअपला कोणी घेतलं का?”

“मित्सुए होती. दुसऱ्या ओळीला आली.”

मला तिची कीव आली. इतकी वर्षं एकत्र गाणाऱ्या माणसाला भास होणारच. मी तसं तिला समजावलंसुद्धा — कानाला सवय असते, स्टेजवर आवाज परत फिरून येतो वगैरे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “साउंडवाल्याने मला विचारलं, तुमची टेप कुठल्या मशीनवर चालू आहे? माझ्याकडे टेप नव्हती.”

त्यानंतरचा रविवार. दुपारी एका रेडिओ स्टेशनवर आयाको लाइव्ह गाणार होती. मी बेसमेंटमध्ये मित्सुएचा व्यायाम घेत होते, रेडिओ आम्ही लावून ठेवला होता. बाहेर लखलखीत ऊन, वरती काकूंच्या कुकरच्या शिट्ट्या. आयाकोने गिटार छेडली. पहिली ओळ. मग — तो बारीक श्वास. आणि दुसऱ्या ओळीला मित्सुएचा आवाज.

मी पटकन मित्सुएकडे पाहिलं. ती माझ्यासमोर हातभर अंतरावर बसली होती, तोंड मिटलेलं, डोळे विस्फारलेले. पण गळ्यापाशी… त्या भोकातून ती श्वास घेत होती तो गाण्याच्या मापाने. ओळ संपेपर्यंत छाती हळूहळू खाली जायची. मग ती श्वास ओढायची आणि त्याच क्षणी रेडिओतला आवाजही श्वास ओढायचा. मी काहीही विचार न करता तिच्या गळ्यावर तळहात ठेवला. थरथर नाही. काही नाही. कातडीखाली थरथरायला काही उरलंच नव्हतं.

आणि तिला खोकला आला. असा खोकला या पेशंटना नेहमी येतो, भोकात कफ अडकतो. तिला जोराची उबळ आली, आणि रेडिओवरचा तो वरचा आवाज शब्दाच्या मधोमध तुटला. आयाको अडखळली, दोन ताल नुसती गिटार वाजली, मग ती एकटीच पुढे गायली.

मी कफ साफ केला. मित्सुए घामाने भिजली होती. मी विचारलं, “तू हे करतेयस?” तिने मान हलवली — नाही. ओठांनी म्हणाली, “माझ्याकडून कोणीतरी श्वास घेतंय.”

मला वाटलं, आपण दोघी मिळून खुळावलोय. म्हणून मी कोणालाही न सांगता लक्ष ठेवायला लागले. आयाको कार्यक्रमाला गेली की मी मित्सुएपाशी थांबायचे. तिकडे कार्यक्रम सुरू व्हायच्या सुमारास इकडे तिला धाप लागायची, ओठ निळसर पडायचे, आणि नंतर ती इतकी गळून जायची की उठून बसवत नसे. एका शनिवारी मात्र काहीच झालं नाही. ती काकूंबरोबर मजेत मटार सोलत बसली होती. मला हायसं वाटलं. म्हटलं, बघ, सगळे मनाचे खेळ. संध्याकाळी आयाकोचा फोन आला. वादळामुळे कार्यक्रम कॅन्सल झाला होता.

इकडे डेनिस भलताच खूश होता. लोक त्या ‘दुसऱ्या आवाजा’बद्दल बोलायला लागले होते. एका बाईचा आवाज आणि शेजारी रिकामा माइक… त्याला वाटत होतं आयाकोने काहीतरी ट्रिक बसवली आहे. मोठ्या कंपनीची माणसं पाहायला येणार होती. बारा वर्षं ज्याच्यामागे त्या दोघी धावल्या ते आता दाराशी आलं होतं.

मी आयाकोला काकूंच्या किचनमध्ये गाठलं आणि सगळं सांगितलं. ती सिंकपाशी पाठ करून उभी होती.

“तिचं एवढंच उरलंय, बैशारी. ते मी कसं सोडू?”

“ते उरलेलं तिच्या श्वासावर चाललंय. तू एकदा घरी थांब आणि तिच्याकडे बघ.”

“मी घरी थांबले तर ते होणारच नाही. मला कसं दिसणार?”

काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांना किती कळलं कोण जाणे, पण लाटणं बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, “अगं, एवढी हुशार मुलगी सांगतेय तर ऐक. गाणं काय, परत येईल.”

आयाकोने नळ बंद केला, हात पुसले. मग भिंतीवरच्या फोनपाशी गेली आणि डेनिसला म्हणाली, “मी यापुढे गाणार नाही.” त्याचं ओरडणं आम्हाला रिसीव्हरमधून ऐकू येत होतं. तिने तो शांतपणे जागेवर ठेवला.

पुढचे दोनएक महिने मित्सुए सुधारली. धाप गेली. अन्ननलिकेत हवा घेऊन, ढेकर दिल्यासारखं बोलायची एक पद्धत असते, ती मी तिला शिकवत होते. तिचा पहिला नीट उमटलेला शब्द होता ‘काकू’. क आणि प ही अक्षरं सर्वांत आधी जमतात, त्याला शास्त्रीय कारण आहे. पण काकू ते ऐकून पदर तोंडाला लावून रडल्या.

नोव्हेंबरमध्ये तपासणीत कळलं, आजार फुप्फुसात गेला आहे. डॉक्टरांनी हात टेकले. दोघींनी घरी परत जायचं ठरवलं.

निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी बॅगा बांधायला खाली गेले होते. मित्सुएने स्लेटवर लिहून ती आयाकोपुढे धरली. ‘गा.’

आयाकोने मान हलवली. मित्सुएने स्लेट पुन्हा पुढे केली. मग ओठांनी, सावकाश, मलाही कळावं अशा तऱ्हेने म्हणाली, “मला माझा आवाज ऐकायचाय. तेव्हा मला नीट ऐकू आला नाही, मी गुदमरत होते.”

“मित्सुए, त्रास होईल,” मी म्हणाले. तिने माझा हात धरला आणि दाबला. बस.

आयाकोने बांधलेली गिटार सोडली. छत्रीचं तेच गाणं, जपानीत. माइक नाही, रेडिओ नाही, स्पीकर कधीच विकून झाले होते. पहिली ओळ. मग श्वास. आणि दुसऱ्या ओळीला तो आवाज त्या बुटक्या छताच्या खोलीत उभा राहिला. कुठून आला म्हणाल, तर मला दिशा सांगता येणार नाही. मित्सुएचं तोंड मिटलेलं होतं. डोळे मिटून ती ऐकत होती, दुसऱ्या कोणाचं गाणं ऐकावं तशी, मान किंचित तिरकी करून. तिची छाती ओळीओळीला खाली जात होती, ओठांचा रंग उतरत होता, आणि तरीही आयाको मध्येच थांबू लागली तेव्हा तिने हाताने खूण केली — पुढे.

तेवढ्यात जिन्यावरून शैलाकाकूंचा आवाज आला, आनंदाने भरलेला — “अगंबाई! मित्सुए गायला लागली का गं परत?”

गाणं पूर्ण झालं. मित्सुए भिंतीला टेकून बसली, तिला धड श्वास मिळायला बराच वेळ लागला. काकू खाली आल्या, त्यांनी तिच्या गळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुन्हा त्यांनी तो विषय कधीही काढला नाही.

मित्सुए वसंतापर्यंत होती. आयाकोचा फोन आला तो तिला पोचवून झाल्यावर. तिचा आवाज अगदी सपाट होता.

“तिच्या आईने सांगितलं, गा म्हणून,” ती म्हणाली. “मी गायले. दुसऱ्या ओळीला मी थांबले. प्रत्येक कडव्यात थांबले, तिची जागा सोडली. पूर्ण गाणं तसंच गायले.”

“मग?” मी विचारलं.

“कोणी आलं नाही, बैशारी.”

त्यानंतर आयाकोने गाणं सोडलं, ते कायमचं. मी पुढे तीस वर्षं स्वरयंत्र गमावलेल्या माणसांबरोबर काम केलं. कितीतरी जणांच्या गळ्यावर असाच तळहात ठेवला. तसं पुन्हा कुठेही घडलं नाही. सहकाऱ्यांपैकी दोघांना विश्वासात घेऊन विचारलंही, पण त्यांनी जी कारणं सांगितली ती सगळी मी आधीच देऊन पाहिली होती. टेप नव्हती, भास म्हणावा तर जिन्यावरच्या काकूंनाही तो कसा झाला, आणि तो खोकला… माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. कोणाकडे असेल तर मला खरंच ऐकायचं आहे.