पूर्ण बरा झालेला माणूस

मी आजवर लिहिलेल्या पत्रकांपैकी एकाचाच काही उपयोग झाला. ते पत्रक माझ्या भावाबद्दल होतं, आणि ते मी लिहायला नको होतं.

आमचे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. बीडकडून आलेलं कुटुंब, थेरगावात दोन खोल्या. घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. फळ्यांवर अंथरलेली, पिठाच्या डब्याखाली घातलेली. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. ज्याच्यावर अन्याय झालाय त्याची बाजू मोठ्या टायपात छापायची आणि गेटवर उभं राहून वाटायची, एवढंच मला जगण्याबद्दल शिकवलेलं होतं.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आयटीआय करून चाकणला कंत्राटी फिटर म्हणून लागला आणि त्याच सुमारास चार मित्रांच्या नादाने सुई टोचून घ्यायला लागला. औषधाच्या दुकानातून मिळणारी इंजेक्शनं; सुई एक, दंड पाच. ती पाच वर्षं मी इथे लिहिणार नाही. तो विकून टाकेल म्हणून आईने त्या दिवसांत घरातला आरसासुद्धा कुलपात ठेवला होता, एवढं पुरे. शेवटी त्याने सोडलं. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन, तिसऱ्यांदा घरीच, दारावर डोकं आपटत. गल्लीने मात्र त्याला गर्दुल्ला म्हणायचं सोडलं नाही.

सुई सुटून सात वर्षं झाली तेव्हा कंपनीतल्या रक्तदान शिबिरात त्याने हौसेने रक्त दिलं, आणि रक्तपेढीचा फोन आला. हिपॅटायटिस सी. त्या सुईतून आलेला विषाणू यकृतात इतकी वर्षं गुमान बसला होता. सरकारी दवाखान्यात तीन महिने गोळ्या मिळाल्या. आणखी तीन महिन्यांनी तपासणी झाली, मी बरोबर होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विषाणू गेला. अभिनंदन." दादा खुर्चीत बसल्या बसल्या रडायला लागला. बाई पुढेही काही सांगत होत्या, सांगता सांगता रिपोर्टच्या पाठीवर लिहीत होत्या. मी ऐकत नव्हते. त्याच आठवड्यात ठेकेदाराच्या मेडिकल तपासणीत दादाला नापास करून गेटपास काढून घेतला होता, आणि माझ्या डोक्यात पत्रकाची पहिली ओळ तयार होत होती.

अन्याय खरा होता. या आजाराची साधी रक्तचाचणी माणूस बरा झाला तरी जन्मभर दोष दाखवत राहते. विषाणू उरलाय की नाही, ते दुसऱ्या चाचणीत कळतं. ठेकेदाराच्या माणसाला एवढं समजून घ्यायचं नव्हतं. मी लिहिलं, "कामगार बंधूंनो, तुमचा सहकारी पूर्ण बरा आहे. आजारी आहे तो ठेकेदाराचा कायदा." 'पूर्ण बरा' सगळ्यात मोठ्या टायपात. शिफ्ट सुटताना तीन दिवस वाटलं. चौथ्या दिवशी ठेकेदाराने दादाला परत घेतलं.

चाकणला कंत्राटावर काम करणारा प्रत्येक जण आपले कागद लॅमिनेट करून ठेवतो. तेल, घाम, पाऊस, आणि दर नव्या ठेकेदाराला तेच कागद. दादाने आयटीआयचं सर्टिफिकेट आणि हा रिपोर्ट पाठीला पाठ लावून एकाच प्लास्टिकात बंद केले. एका बाजूला शिक्षण, दुसऱ्या बाजूला निर्दोष रक्त. गेटवर तो ते नुसतं उलटंपालटं करून दाखवायचा.

पगाराच्या दिवशी पोरांबरोबर बसायला लागला. आधी बिअर, मग क्वार्टर. मी भांडले तर हसायचा.

"दादा, सुई सोडलीस ती हे प्यायला?"

"ओ पुढारीबाई, पूर्ण बरा कुणी छापलं? आम्ही छापलं का? आता लिव्हर नवीन आहे आपलं. एकदम शोरूम कंडिशन."

मीही हसले. दारू वाईट, पण सुईपेक्षा बरी, असं आम्ही दोघींनी, मी आणि आईने, मनाशी ठरवून टाकलं होतं. तीन वर्षं असं चाललं.

या वर्षी त्याचे डोळे पिवळे झाले आणि पोट फुगलं. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरने जुने कागद मागितले. मी ब्लेडने प्लास्टिकच्या कडा कापल्या, दोन कागद सुटे केले आणि रिपोर्टची पाठ तीन वर्षांनी पहिल्यांदा पाहिली. अक्षर स्वच्छ होतं. यकृत कडक झालं आहे. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कायमची. दारूचा थेंबही नको.

डॉक्टरने वाचलं आणि विचारलं, "किती सोनोग्राफी झाल्या?"

"एकही नाही."

"गाठ लहान असताना सापडली असती तर काही करता आलं असतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर मला भांडता तरी आलं असतं. यकृतात कर्करोगाची गाठ होती, आणि बाकीच्या यकृतात उपचार सोसायची ताकद नव्हती.

दवाखान्यासाठीही सुट्टी न देणाऱ्या ठेकेदारावर मी आजही दहा पानं लिहू शकते. सुई टोचणाऱ्याचा जीव स्वस्त समजणाऱ्यांवर तर पुस्तक लिहीन. त्यातला शब्द न् शब्द खरा असेल. पण ती पाठ मला कुणी वाचू दिली नाही, असं मला कुठेच लिहिता येणार नाही.

दादाने त्या दुपारी विचारलं, "किती?"

"काही महिने म्हणतात."

तो म्हणाला, "त्या सुईवरच्या पाचातला मी शेवटचा राहिलो होतो. वाटलं, निसटलो." आणि म्हणाला, "आईला तू सांग. माझ्याच्यानं नाही होणार."

आई बाहेर जिन्यात बसली होती, मांडीवर डबा. पोटात पाणी होतं म्हणून डॉक्टरांनी दादाचं मीठ बंद केलं होतं आणि तो रोज त्या अळणी भाजीवरून तिच्याशी भांडायचा. मी शेजारी बसले आणि काही न लपवता सगळं सांगितलं. रिपोर्टच्या पाठीचंही.

ती रडली नाही. डब्याच्या कडीशी चाळा करत राहिली.

"मंग आता मीठ घालू का गं भाजीत?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "घाल."