तीन धारांची तिस्ता

खिडकीशी आले की ते टोपी काढून बगलेत धरत आणि मग मुलीचं नाव सांगत. "तिस्ता. नदी हाय ती, सायेब." मिरजेच्या एका दवाखान्यात केसपेपर लिहून माझी बोटं झिजली, पण नाव अर्थासकट सांगणारा हा एकच माणूस भेटला.

रहिमतपूरकडचे निवृत्त हवालदार. डायलिसिससाठी मुलीला आठवड्यातून दोनदा रेल्वेनं आणत. तुमच्यापैकी कुणी त्यांच्या मागे रांगेत उभं राहिलं असेल, तर ही नदी तुम्हीही ऐकली असेल. मुलगी झाल्याची तार आली तेव्हा पलटण सिक्कीमला, तिस्ताकाठी होती. "तीन धारांची म्हून तिस्ता, असं आमच्या पंडितजीनं सांगितलं. मी तवाच ठरवलं."

पण त्यांचं पत्र गावी पोचेपर्यंत बारसं उरकलं होतं. आत्यानं बाळाच्या कानात 'सुनंदा' सांगून टाकलं होतं. सुट्टीवर आलेल्या हवालदारांनी सहा महिन्यांच्या पोरीला पुन्हा पाळण्यात घातलं आणि रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत पुन्हा बुक्के बसले. "लय चिडली हुती," ते हसून सांगत.

तरी जन्मदाखल्यावर आणि शाळेत सुनंदाच राहिली. तिस्ता होती ती घरात आणि त्यांच्या फौजी कागदांत.

दोन नावांमुळे कुणाचं काही अडलं नव्हतं. पुढे मुलीला स्वतःची किडनी द्यायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा परवानगी देणाऱ्या समितीनं विचारलं, तिस्ता आणि सुनंदा एकच कशावरून? गावचे दाखले बदलून तिस्ता करून घ्यावेत म्हणून ते कोरेगाव, सातारा, मिरज असे तीन महिने फिरले. समितीचे कागद माझ्याच खिडकीत घेतले जात, आणि दर वेळी एखादा कमी पडायचा. त्यांना परत पाठवायचा मलाही कंटाळा आला होता, खोटं कशाला बोलू? शेवटी डॉक्टर म्हणाले, आता थांबता येणार नाही.

त्या दिवशी हवालदार बाकावर बसूनच बोलले. "सुनंदा लिवा, सायेब. फौजेचं कागद मी बदलून घेतो."

"आणि नदी?"

"ऱ्हाऊ द्या वो. पोरगी वाचू दे."

ऑपरेशन नीट झालं. पोरगी वाचली. गेल्या वर्षी हवालदार मात्र झोपेतच गेले.

ती आता तपासणीला एकटी येते. 'सुनंदा' अशी दोनदा हाक मारली की उठते. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "तिस्ता म्हणू का?"

"नगं काका," ती म्हणाली. "त्या नावानं हाक आली की आण्णाच आल्यागत वाटतंय. मग मी वळून बघते."

मी पेपरवर सुनंदा लिहिलं.