उलटा न बसणारा प्लग

बंद पडलेली गाडी बघून ज्याचा जीव हरखतो असा माणूस उभ्या सोलापुरात एकच, आणि तो नेमका माझा थोरला साडू. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांच्यावर गमतीनं लिहायचं ठरवलं होतं. तसं जमेलसं वाटत नाही. भवानी पेठेत त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. दुकान बंद झालं, पण अण्णा काही बंद झाले नाहीत. लोक भेटल्यावर तब्येत विचारतात, हे विचारायचे, ‘बॅटरी कशी हाय?’ आमच्याकडे आले की पाण्याच्या तांब्याआधी माझ्या गाडीचं बॉनेट उघडायचे. एका लग्नात वाजंत्र्यांचा टेम्पो सुरू होईना, तर हे मंगलाष्टकं सोडून बाहेर पळाले. त्यांच्या हातातल्या अक्षता नवरा-नवरीऐवजी टेम्पोच्या बॅटरीवर पडल्या.

त्यांची जीप चारही चाकांनी ओढणारी, त्यामुळे डांबरी रस्त्यानं जाण्यात त्यांना कमीपणा वाटे. अक्कलकोटला दर्शनाला निघालो, तर वाटेत हे सरळ ओढ्यात उतरले. ‘रस्त्यानं कुणीबी जातंय की!’ जीप वाळूत रुतली. आम्ही पोचलो तोवर महाप्रसाद संपला होता, आणि माझ्या बायकोनं आठवडाभर आपल्या सख्ख्या बहिणीशी अबोला धरला.

पण दुसऱ्याच्या मेलेल्या बॅटरीला आपल्या जीपवरून वायरी जोडून जीव देणं, हे त्यांचं खरं व्रत. जोडताना पाढा म्हणायचे, ‘आदी लाल, मग काळी. सोडताना आदी काळी, मग लाल.’ मी एकदा वायरीच्या टोकाचा चिमटा उलटा धरला, तर चारचौघांत हातावर फटका मारला होता. तो राग मी बरीच वर्षं जपला, हेही कबूल करतो.

मागच्या उन्हाळ्यात माझी गाडी त्यांच्याच दारात बंद पडली. अण्णांनी चिमटे लावले आणि ठिणग्या उडाल्या, धूर निघाला. लाल चिमटा काळ्याच्या जागी लागला होता. ‘तुमच्या गाडीतच खोट हाय,’ असं ते माझ्यावरच ओरडले. मीही चिडून लागट बोललो. त्या दिवशी त्यांनी पाढा म्हटला नव्हता, हे मला घरी आल्यावर आठवलं.

पंधरा दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतलं. ओट्यावर अंगठ्याएवढ्या जाड वायरी आणि दोन दणकट प्लग मांडले होते. वायरी एकदाच बॅटरीला कायमच्या आवळायच्या, त्यांच्या टोकाचा प्लग बंपरवर बसवायचा. एक त्यांच्या जीपला, एक माझ्या गाडीला. मग अडचणीच्या वेळी दोन्ही प्लगांमध्ये एक केबल खटकन बसवायची. चिमटे नाहीत, बॉनेट उघडणं नाही. ‘ह्यो उलटा बसतच न्हाय,’ ते म्हणाले. दुपारभर त्यांनी बंपरला भोकं पाडली, इंजिनच्या गरम भागापासून लांब ठेवत वायरी बांधत नेल्या. हात अजून तसाच सफाईचा. बॅटरीपाशी मात्र ते थांबले आणि पाना माझ्या हातात दिला.

‘साडूबुवा, लाल कुटली नि कुटं लावायची, तेवढं तुमी करा.’

मला थट्टा वाटली. मी हसलो. ते हसले नाहीत.

‘डोसक्यात घोटाळा होतोय. कदी कदी लाल म्हंजी काय, त्येच समजंना. एकदा तुमी बरोबर आवळा. मग माझं डोकं गेलं तरी कुणाची गाडी जळायची न्हाय. आन् हिला सांगू नका.’

मी अधिक-उण्याच्या खुणा तीन-तीनदा वाचल्या आणि नट आवळले. गाडीच्या कामाला हात लावताना मी इतका कधी घाबरलो नव्हतो.

ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, काही सांगावं लागलं नाही. त्यांच्या ते आधीच ध्यानात आलं होतं. हल्ली जीपची किल्ली त्यांच्याकडेच असते. परवा त्यांच्या दारात माझी गाडी पुन्हा बंद पडली, तेव्हा ताईंनीच जीप सुरू करून दिली आणि अण्णांनी केबल बसवली. माझी गाडी लगेच सुरू झाली. अण्णा उकिडवे बसून प्लगवरून हात फिरवत राहिले.

‘कुणी बसवलं हो हे? लई झ्याक बसवलंय.’

‘तुम्हीच की, अण्णा.’

‘वाटलंच मला. काम बघितलं की माणूस कळतोय.’

गाडी तशीच चालू ठेवून मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेलो.